अर्पण आणि वेठ : 'तेरूमा' या शब्बाथ-वाचनाचा इतिहास

यहुदी सभास्थानांत दर शब्बाथ दिवशी तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, एक ठरावीक भाग मोठ्याने वाचला जातो. वर्षभरात संपूर्ण तोरा वाचून व्हावी म्हणून तिचे ५४ भाग पाडलेले आहेत. त्यांतील एकोणिसाव्या भागास 'तेरूमा' असे नाव आहे. निर्गम २५:१ पासून २७:१९ पर्यंतची ९६ वचने त्यात येतात, आणि साधारणतः फेब्रुवारी महिन्यात त्याची पाळी येते. सीनाय पर्वतावरील मेघगर्जना व दहा आज्ञा मागे पडल्या आहेत. आता लाकूड, कापड, सोने, चांदी, लांबी, रुंदी आणि उंची यांची भाषा सुरू होते. आमच्या मंडळ्यांतून हे अध्याय बहुधा घाईने उलटले जातात. एवढ्या मोजमापांतून उपदेश तो कोणता करावयाचा, असा प्रश्न उपदेशकास पडतो आणि तो तडक बत्तिसाव्या अध्यायातील सोन्याच्या वासराकडे वळतो.

प्रस्तुत लेखात आम्ही या भागाच्या प्रतीकार्थाचा विचार करणार नाही. तो पुष्कळांनी केलेला आहे. आम्हांस येथे एक ऐतिहासिक प्रश्न विचारावयाचा आहे. जे पवित्रस्थान आज कोठेही उभे नाही, त्याचा आराखडा एक समाज शतकानुशतके दरवर्षी का वाचत आला? आणि या वाचनाने त्या समाजापुढे कोणता प्रश्न जागता ठेवला? आमच्या मते तो प्रश्न असा : देवाचे घर स्वेच्छेच्या अर्पणाने उभे राहते, की वेठीने?

शब्द आणि सामग्री

'तेरूमा' हा हिब्रू शब्द 'उचलणे, उंच करणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आपल्याजवळ जे आहे त्यातून उचलून देवासाठी निराळे काढलेले ते तेरूमा. मराठी पवित्र शास्त्राचा वाचक त्यास 'अर्पण' या नावाने ओळखतो. आज्ञेच्या आरंभीच एक अट आहे : ज्याच्या अंतःकरणात देण्याची इच्छा उत्पन्न होईल त्याच्याचकडून हे अर्पण घ्यावयाचे. त्यानंतर सामग्रीची यादी येते. सोने, चांदी, पितळ. निळे, जांभळे व किरमिजी सूत. तलम कापड, बकऱ्याचे केस, बाभळीचे लाकूड, दिव्यासाठी तेल, सुगंधी द्रव्ये. या यादीत श्रीमंताचे सोने आहे आणि मेंढपाळाच्या घरचे बकऱ्याचे केसही आहेत. पुढे ३५ व्या अध्यायात प्रत्यक्ष अर्पणाचे वर्णन येते तेव्हा पुरुषांबरोबर स्त्रियांचाही स्वतंत्र उल्लेख होतो. सूत कातणाऱ्या स्त्रियांचे कौशल्य हेही तेथे अर्पणच गणले आहे.

या सामग्रीतून करावयाची वास्तू अशी की ती उचलून नेता यावी. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच; त्यास कड्या, आणि कड्यांत दांडे. हे दांडे कधीही काढू नयेत अशी स्पष्ट सूचना आहे. मुक्काम कितीही लांबला तरी कोश निघण्याच्या तयारीतच राहावयाचा. मंडपाच्या ४८ फळ्या उभ्या करता येतात तशा उतरवताही येतात. देव आपल्या वस्तीविषयी जे बोलतो त्यातील एका शब्दाकडे यहुदी भाष्यकारांनी फार पूर्वीच लक्ष वेधले आहे. लोकांनी पवित्रस्थान बांधावे. परंतु देव राहणार तो 'त्यात' नव्हे, तर 'त्यांच्यामध्ये', म्हणजे लोकांमध्ये. वस्तीचे ठिकाण वास्तू नसून समाज आहे, हे व्याकरणानेच सांगितले आहे.

विटा आणि फळ्या

निर्गमाचे पुस्तक सलग वाचणाऱ्यास एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. पुस्तकाच्या आरंभीही बांधकाम आहे आणि शेवटीही बांधकाम आहे. आरंभी फारोसाठी पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधली जातात, तेथे मुकादम आहेत, चाबूक आहे, विटांची रोजची संख्या ठरलेली आहे. शेवटी रानात मंडप उभा राहतो, तेथे बसालेल व अहलियाब हे कुशल कारागीर आहेत आणि ज्याच्या मनाने त्यास प्रवृत्त केले असा प्रत्येक माणूस आहे. हिब्रूतील 'अवोदा' हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी येतो. पहिल्या अध्यायात त्याचा अर्थ कष्टाची गुलामी असा आहे, तर ३९ व्या अध्यायात तोच शब्द मंडपाच्या कामास लावला आहे. हात तेच, श्रमही तेच. परंतु श्रमाचा धनी बदलला आणि श्रमाचे स्वरूप बदलले.

शब्बाथाचा नियम याच ठिकाणी दोनदा सांगितलेला आहे, मंडपाच्या सूचना संपताना आणि प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी. फारोच्या कामास विसावा नव्हता. देवाच्या मंडपाचे काम मात्र सातव्या दिवशी थांबलेच पाहिजे. मिश्नात शब्बाथ दिवशी वर्ज्य असलेल्या ३९ कामांची यादी आहे, आणि तालमुदात या कामांचा संबंध मंडप उभारण्याच्या कामांशी जोडला आहे. पवित्र कार्याच्या नावानेही माणसास राबवून घेऊ नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

यापुढची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. लोक रोज सकाळी इतके आणू लागले की कारागिरांनी मोशेकडे येऊन तक्रार केली, आणि आता कोणी काही आणू नये अशी दवंडी मोशेने छावणीभर फिरवली. धार्मिक बांधकामाच्या इतिहासात वर्गणी थांबवण्याचा असा जाहीर हुकूम क्वचितच आढळेल.

मंडप खरोखर होता काय?

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न टाळता येत नाही. जर्मन पंडित यूलिउस वेलहाउजेन यांनी १८७८ साली असे प्रतिपादन केले की, हा मंडप म्हणजे पुढील काळातील याजकांनी यरुशलेमेच्या मंदिरावरून मागे कल्पिलेले चित्र होय. शलमोनाचे मंदिर ६० हात लांब व २० हात रुंद होते, मंडप ३० हात लांब व १० हात रुंद, म्हणजे बरोबर निम्मा, याकडे या मताचे लोक बोट दाखवीत. पुढे १९४७ साली अमेरिकन अभ्यासक फ्रँक मूर क्रॉस यांनी तंबूतील देवस्थाने प्राचीन सेमिटिक लोकांत खरोखर असत हे दाखवून या मतास मुरड घातली.

उत्खननांनीही काही भर घातली आहे. कादेशच्या युद्धाच्या (इ. स. पू. १२७४) प्रसंगी रामसेस दुसरा याने टाकलेल्या छावणीचे चित्र अबू सिंबेल येथील मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहे. त्यात आयताकृती छावणीच्या मधोमध राजाचा तंबू आहे, त्यास एक लांब दालन व आत लहान खोली आहे, आणि राजाच्या नाममुद्रेच्या दोन्ही बाजूंस पंख पसरलेल्या पक्ष्यांच्या आकृती आहेत. करूबांनी आच्छादलेल्या दयासनाची येथे आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. १९६९ साली बेन्नो रोथेनबर्ग यांनी एलातच्या उत्तरेस तिम्ना येथील तांब्याच्या खाणींजवळ एक लहान देवस्थान खणून काढले. ते मुळात हाथोर या मिसरी देवतेचे होते, नंतर इ. स. पू. बाराव्या शतकाच्या सुमारास मिद्यानी लोकांनी त्यावर तंबू उभारला असावा, असे तेथे सापडलेल्या लाल व पिवळ्या जाड कापडाच्या अवशेषांवरून अनुमान निघते. तेथेच सोन्याचा मुलामा असलेल्या डोक्याचा एक तांब्याचा सर्पही मिळाला.

यावरून निर्गमातील प्रत्येक माप सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. रानातील एका साध्या तंबूच्या स्मृतीवर नंतरच्या याजकांच्या मंदिराचे तपशील चढले असावेत, असे अनेक विद्वानांस वाटते, आणि तो निष्कर्ष आम्हांस समंजस वाटतो. परंतु हेही लक्षात घेतले पाहिजे की, ज्या याजकांनी हे वर्णन जतन केले, त्यांनी आदर्श म्हणून राजाचे दगडी मंदिर पुढे ठेवले नाही. लोकांच्या दानाने झालेला तंबू ठेवला. असे का, याचे उत्तर शलमोनाच्या कारकिर्दीत सापडते.

शलमोनाचे बिगारी

सभास्थानात तोराच्या वाचनानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून एक जोड-वाचन होते, त्यास 'हफ्तारा' म्हणतात. (यहुदी परंपरेत राजांची पुस्तके पूर्वीच्या संदेष्ट्यांत गणली जातात.) संदेष्ट्यांचे वाचन येशूच्या काळीही होत असे, हे लूक ४ व प्रेषितांची कृत्ये १३ यांवरून दिसते, नेमकी वचने ठरली ती पुढे. तेरूमाची हफ्तारा आहे १ राजे ५:१२ ते ६:१३, म्हणजे शलमोनाच्या मंदिराच्या बांधकामाचा वृत्तांत. वरवर पाहता ही जोडी साधी आहे : तेथे मंडप, येथे मंदिर. पण हफ्तारा उघडते न उघडते तोच काय ऐकू येते? राजाने सर्व इस्राएलातून ३०,००० बिगारी धरले. दरमहा १०,००० प्रमाणे त्यांस लबानोनात पाठविले. त्यांवर अदोनीराम हा अंमलदार होता. शिवाय ७०,००० ओझेवाले आणि ८०,००० दगडफोडे होते. या वेठीसाठी वापरलेला 'मस' हा हिब्रू शब्द तोच आहे, जो निर्गमाच्या पहिल्या अध्यायात फारोच्या मुकादमांच्या नावात येतो.

शलमोनाने इस्राएल लोकांस दास केले नाही, केवळ उरलेल्या कनानी वंशांस केले, असे नवव्या अध्यायात म्हटले आहे. हे दोन वृत्तांत एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. परंतु पुढील घटना पहिल्या वृत्तांतास पुष्टी देते. मंदिरास सात वर्षे लागली आणि राजवाड्यास तेरा. शलमोन मरण पावल्यावर लोकांनी त्याच्या पुत्राजवळ, रहबामाजवळ, एकच मागणे केले की, बापाने लादलेले जू हलके करावे. रहबामाने उर्मट उत्तर दिले आणि मग वेठीच्या त्याच अंमलदारास लोकांकडे पाठविले. लोकांनी त्यास दगडमार करून ठार केले व राज्य दुभंगले. ज्या मंदिराने बारा वंश एक व्हावयाचे, ते ज्या रीतीने बांधले गेले त्या रीतीनेच वंशांची फाळणी झाली.

ज्यांनी हे दोन पाठ शेजारी ठेवले, त्यांचा हेतू आम्ही निश्चयाने सांगू शकत नाही. परिणाम मात्र कानांस स्पष्ट जाणवतो. एकाच सकाळी श्रोता आधी ऐकतो की, मनाने देणाऱ्याचेच घ्यावे, आणि काही वेळाने ऐकतो की, राजाने माणसे धरली. आणि हफ्तारा संपते कोठे? देव शलमोनास सांगतो की, तू माझे विधी व आज्ञा पाळशील तर मी इस्राएल लोकांमध्ये राहीन. मंडपाच्या आज्ञेतील तोच शब्द, 'मध्ये', येथे पुन्हा येतो. परंतु आता तो अटीसह येतो. भिंती उभ्या राहत असतानाच सांगितले आहे की, भिंती पुरेशा नाहीत. यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या दारात उभे राहून शिलोची आठवण दिली, जेथे पूर्वी देवाचे नाव होते व जे उद्ध्वस्त झाले, ती याच अर्थाने होय.

मंदिर गेले, वाचन उरले

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने पहिले मंदिर जाळले. दुसरे मंदिर इ. स. ७० साली रोमी सेनापती तीत याने नष्ट केले. दीपवृक्ष व मेज रोम नगराच्या रस्त्यांतून मिरवण्यात आली. तीताच्या कमानीवर ते दृश्य आजही पाहावयास मिळते. मंदिरासाठी यहुदी पुरुष दरवर्षी जो अर्धा शेकेल पाठवीत, त्याजागी वेस्पासियन बादशहाने प्रत्येक यहुद्यावर दोन द्राख्मांचा कर बसविला आणि तो रोममधील ज्युपिटरच्या मंदिराकडे वळविला. अर्पणाची वेठ कशी होते, याचे याहून कडवट उदाहरण इतिहासात विरळाच सापडेल.

परंतु वाचनाची परंपरा मंदिरावर अवलंबून नव्हती. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा चौकात लाकडी व्यासपीठावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, त्यात तिचे बीज आहे. १९१३ साली यरुशलेमेत थिओदोत नावाच्या याजकाचा ग्रीक शिलालेख सापडला. तो मंदिर उभे असतानाचा मानला जातो. नियमशास्त्राचे वाचन व आज्ञांचे शिक्षण यांसाठी हे सभास्थान बांधले, असा त्याचा आशय आहे. पॅलेस्टाइनमध्ये तोरा सुमारे तीन वर्षांत वाचून पूर्ण करीत, बाबेलमध्ये एका वर्षात. बाराव्या शतकात प्रवासी बेंजामिन याने मिसरातील फुस्तात येथे दोन्ही पद्धतींची दोन सभास्थाने शेजारी पाहिली. पुढे बाबेलची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

सभास्थानाने मंडपाची नावेही आपल्याकडे घेतली. तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याच्या कपाटास कोशाचेच 'आरोन' हे नाव मिळाले, त्यापुढील पडद्यास अंतरपटाचे 'पारोखेत' हे नाव. सिरियात फरात नदीकाठी दूरा-युरोपोस येथे १९३२ साली उजेडात आलेल्या सभास्थानाच्या भिंतीवर इ. स. २४४-४५ च्या सुमाराची चित्रे आहेत. त्यांत अहरोन व मंडप रंगविलेले आहेत. यहेज्केलाच्या अकराव्या अध्यायात देव बंदिवासातील लोकांस 'लहान पवित्रस्थान' होतो, असा उल्लेख आहे; तालमुदात त्याचा अर्थ बाबेलमधील सभास्थाने असा केला आहे.

मध्ययुगात या भागावर मोठा वादही झाला. फ्रान्समधील राशी (मृत्यू ११०५) यांच्या मते मंडपाची आज्ञा सोन्याच्या वासरानंतरची आहे, कारण तोरात घटनांचा क्रम नेहमीच काळानुसार नसतो. अर्थात मंडप हा पतनावरील उपाय ठरतो. स्पेनमधील नाख्मानिदेस (११९४-१२७०) यांनी पाठाचा क्रमच प्रमाण मानला; सीनायवर जे तेज उघडपणे उतरले तेच मंडपात गुप्तपणे लोकांबरोबर चालत राहिले, असे त्यांचे म्हणणे. वाद कालक्रमाचा दिसला तरी मूळ प्रश्न मोठा आहे. देवाला वास्तूची गरज आहे, की माणसाला?

समान भाग आणि हिशेब

स्वेच्छा म्हटली की ज्याचे दान मोठे त्याचा शब्द मोठा, असा धोका असतो. तोराने त्यावर तोड काढलेली आहे. मंडपाची बरीचशी सामग्री स्वेच्छेची होती; परंतु ज्यांवर फळ्या व अंतरपटाचे खांब उभे होते त्या चांदीच्या १०० उथळ्या मात्र शिरगणतीच्या अर्ध्या शेकेलातून ओतल्या होत्या. तो अर्धा शेकेल सर्वांना सारखा होता. श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. ६,०३,५५० पुरुषांचा हिशेब ३८ व्या अध्यायात दिला आहे व तो तंतोतंत जुळतो : १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. म्हणजे वरचे सौंदर्य ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे, पाया मात्र सर्वांचा सारखा. ही सक्ती होती खरी. पण ती राजाची वेठ नव्हती. वेठ दुबळ्याच्या पाठीवर पडते, हा भाग सर्वांवर सारखा होता.

हा हिशेब मुळात का दिला, याचे एक मार्मिक उत्तर मिद्राशात आहे. लोक पाठीमागे मोशेविषयी कुजबुजू लागले की, एवढे सोने ज्याच्या हातून गेले तो गरीब कसा राहील? म्हणून मोशेने पै-पैचा हिशेब मांडला. मिश्नात मंदिराच्या खजिन्यातून पैसे काढणाऱ्यासाठी नियम आहे की, त्याने दुमडलेल्या काठाचा झगा, पायतण अथवा ताईत घालून खजिन्याच्या खोलीत जाऊ नये. तो पुढे श्रीमंत झाला तर लोक म्हणतील, खजिन्याच्या तेरूमातून झाला. देवापुढे तसेच माणसांपुढेही निर्दोष राहावे, हे त्याचे कारण. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीविषयी हीच दक्षता सांगतो; तो याच परंपरेत वाढला होता. योहानाने शब्दाच्या देहधारणेविषयी 'तंबू ठोकणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद वापरले, आणि इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने मंदिराचे नव्हे तर रानातील मंडपाचे वर्णन पुढे ठेवले, हेही याच वाचनाच्या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.

कोकणातील वाचक

हे वाचन मराठी भूमीसही परके नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्यास गावकरी 'शनवार तेली' म्हणत, सभास्थानावाचून कित्येक पिढ्या शब्बाथ पाळीत आला. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली शमुवेल यहेज्केल दिवेकर यांनी उभारले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल कृतज्ञतेने ते बांधले, असे परंपरा सांगते. राजाच्या हुकुमाने नव्हे, सुटलेल्या कैद्याच्या मनाने ते झाले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. पुणेकर ज्यास 'लाल देऊळ' म्हणतात, ते १८६७ साली पूर्ण झालेले बगदादी यहुद्यांचे सभास्थान. त्याचे नाव 'ओहेल दाविद', म्हणजे दाविदाचा तंबू. विटादगडांच्या इमारतीस तंबूचे नाव देण्यात रानाची आठवण आहे.

आमच्या मंडळ्यांतूनही बांधकाम-निधी उभे राहतात, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, कुटुंबागणिक रक्कम ठरते व ती न देणाऱ्याचे नाव सभेत वाचले जाते. अशा वेळी तेरूमा व तिची हफ्तारा एकत्र वाचून पाहावी, असे आम्ही आमच्या सेवक-बंधूंस सुचवितो. मग काही साधे प्रश्न विचारावेत. हे कोणाच्या मनाने आले? कोणाच्या पाठीवर पडले? पायाचा भाग सर्वांचा सारखा आहे काय? हिशेब कोणीही पाहू शकेल असा मांडला आहे काय? आणि पुरेसे झाल्यावर 'आता पुरे' असे म्हणण्याचे धैर्य आम्हांत आहे काय?